प्लास्टिक-फ्री स्टार्टर किट: काय टिकलं, काय नाही, आणि काय घ्यावं

अख्खं किट घेऊ नका, त्यातल्या निवडक वस्तू सुट्या घ्या, हे आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम झालं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितेय, कारण असल्या किटचे रिव्ह्यू शोधायला गेलं की बहुतेक जण बॉक्स उघडल्या दिवशीच पाच स्टार देऊन मोकळे झालेले असतात, पॅकिंग किती सुंदर, वास किती मस्त, हातात घेतल्यावर किती छान वाटतं वगैरे, आणि खरा प्रश्न तर बऱ्याच महिन्यांनी सुरू होतो, की ती वस्तू अजून वापरात आहे का, आणि खराब झाली तेव्हा गेली कुठे.

किटमध्ये सेफ्टी रेझर, शाम्पूचा बार, बांबूचे टूथब्रश, कचऱ्यासाठी कम्पोस्टेबल पिशव्या, लाँड्री शीट्स, मेण लावलेलं सुती कापड, लूफा, स्टीलची बाटली, "बांबू फायबर"चा कप आणि एक सुती पिशवी एवढं आलं. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण साधारण ह्याच वस्तूंचं असंच किट वेगवेगळ्या नावांनी सगळीकडे मिळतं आणि मला बोलायचंय ते वस्तूंबद्दल.

वस्तू बघताना मी दोनच गोष्टी बघते, ही किती वेळा वापरता येणार आणि संपल्यावर हिचं होणार काय. रिसायकलिंगवर माझा फार भरवसा नाही आणि त्याला कारण आहे. २०१७ मध्ये सायन्स अ‍ॅडव्हान्सेस ह्या जर्नलमध्ये एक हिशोब आला होता, २०१५ पर्यंत जगात साधारण ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं, त्यातल्या ६३० कोटी टनांचा कचरा झाला, आणि त्या कचऱ्यातलं जेमतेम ९ टक्के रिसायकल झालं, १२ टक्के जाळलं गेलं आणि ७९ टक्के डम्पिंग ग्राउंडवर नाहीतर तसंच उघड्यावर, निसर्गात पडून राहिलं. म्हणजे "रिसायकलेबल" असं लिहिलेलं असणं आणि ते खरंच रिसायकल होणं ह्यात प्रचंड अंतर आहे, म्हणून मला जी वस्तू वर्षानुवर्षं फेकावीच लागत नाही ती सगळ्यात आवडते, आणि "आम्ही आपोआप विरघळून जाऊ" असं सांगणारी वस्तू मी जरा जास्तच तपासून घेते.

ह्या हिशोबाने किटमधली सगळ्यात भारी वस्तू म्हणजे सेफ्टी रेझर. अख्खा धातूचा आहे, हातात वजन लागतं, वरचं झाकण फिरवून उघडायचं, आत दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं ठेवायचं आणि घट्ट करायचं, बास. हे डिझाइन काही नवीन नाही, जिलेटने ह्याचं पेटंट १९०४ मध्ये घेतलं होतं, म्हणजे शंभर वर्षांहून जुनी वस्तू आहे आणि आजही तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही. कार्ट्रिजवाल्या रेझरचा प्रॉब्लेम असा की त्याच्या एवढ्याशा डोक्यात स्टीलची पाती, प्लास्टिकची चौकट, रबरची पट्टी आणि ती गुळगुळीत चिकट स्ट्रिप असं सगळं एकत्र गच्च बसवलेलं असतं, ते वेगळं करत कोणी बसत नाही त्यामुळे ते सरळ कचऱ्यात जातं. इथे फक्त पातं बदलायचं, ते कागदात गुंडाळून येतं आणि पूर्ण स्टीलचं असतं.

पहिल्यांदा वापरणाऱ्यांना भीती वाटते ती कापण्याची, तर दाब अजिबात द्यायचा नाही, रेझरच्या स्वतःच्या वजनानेच काम होतं, आणि साधारण ३० अंशाच्या कोनात धरायचा. घाईत वापरायची वस्तू नाही ही. पायांसाठीही चालतो, फक्त घोट्याजवळ आणि गुडघ्यावर सावकाश घ्या. आणि एक कळकळीची विनंती, वापरलेली पाती सुटी कचऱ्यात टाकू नका, जी माणसं हाताने कचरा वेगळा करतात त्यांच्या हाताला लागतात ती. एखाद्या पत्र्याच्या डब्याला वर फट पाडून त्यात टाकत जा, डबा भरायला फार वेळ लागतो, भरला की तो तसाच बंद करून भंगारवाल्याकडे धातू म्हणून देता येतो, पण देताना आत काय आहे ते सांगा. विमानाने जात असाल तर पाती हातातल्या बॅगेत चालत नाहीत, चेक-इनच्या सामानात ठेवावी लागतात, हे आधी लक्षात ठेवलेलं बरं.

आता शाम्पू बार. ह्यावर थोडं जास्त बोलणार आहे कारण लोक सगळ्यात जास्त इथेच वैतागतात आणि "प्लास्टिक-फ्री आपल्याला नाही जमत" म्हणून सगळंच सोडून देतात. बाजारात शाम्पू बार नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, एक म्हणजे सरळसरळ साबण, आणि दुसरा म्हणजे बाटलीतल्या शाम्पूत जे फेस करणारे घटक असतात त्याच जातीचे घटक घट्ट वडीत दाबून बनवलेला बार, ह्याला सिंडेट बार म्हणतात. साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणा मोजायचा आकडा, ९ ते १० च्या आसपास असतो आणि डोक्याच्या त्वचेचा साधारण साडेपाच, त्यामुळे साबणाने केस धुतले की ते खरखरीत होतात, गुंततात. त्यात पाणी जड असेल तर अजून कठीण, कारण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून एक चिकट थर तयार करतं, बादलीला जो पांढरट थर बसतो तोच, आणि तो केसांवरही बसतो. मग लोकांना वाटतं आपले केस अजून "सवय" करून घेतायत, काही विक्रेतेही असंच सांगतात की आठवडे जाऊ द्या, पण जड पाण्यात तो थर सवयीने जात नाही, बारच बदलावा लागतो.

ओळखायचं कसं तर मागची यादी वाचा. सुरुवातीलाच सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट किंवा सोडियम कोको सल्फेट दिसलं तर तो सिंडेट. सोडियम पामेट, सोडियम कोकोएट किंवा सॅपोनिफाइड ऑइल असलं काही दिसलं तर तो साबण आहे. ह्या किटमधला बार पहिल्या जातीचा निघाला आणि खरंच चांगला आहे, फेस भरपूर, केस मोकळे राहतात, आमच्याकडे लांब केसवाले आणि बारीक केसवाले दोघंही तोच वापरतात. बार थेट डोक्यावर घासण्यापेक्षा ओल्या हातावर फेस करून लावला तर कमी झिजतो आणि केसही गुंतत नाहीत. आणि ठेवायचा मात्र कोरड्या जागी, खाली भोकं असलेल्या साबणदाणीत, पाण्यात पडून राहिला तर दोन-चार अंघोळीतच त्याचा लगदा होतो आणि मग महाग पडला म्हणून तक्रार होते. बाटलीतल्या शाम्पूत बहुतांश पाणीच असतं, म्हणजे आपण पाणी आणि बाटली विकत घेत असतो, आणि पंपवाली बाटली असेल तर त्या पंपात धातूची स्प्रिंग आणि दोन-तीन प्रकारचं प्लास्टिक असतं, बाटली रिसायकलिंगला गेली तरी पंप सहसा जात नाही. बार कागदाच्या पुड्यात आला, कागद गेला कम्पोस्टमध्ये, मागे काहीच उरलं नाही. असं पूर्ण संपणारं मला फार कमी वस्तूंमध्ये सापडलंय. किटमध्ये कंडिशनर बार नाहीये, कोरड्या केसांना तो लागेलच, तो वेगळा बघावा लागेल.

बांबूच्या टूथब्रशवर माझा राग आहे आणि तो ब्रशवर नाही, डब्यावर जे छापलंय त्यावर आहे. "१०० टक्के बायोडिग्रेडेबल" असं ठळक अक्षरात लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात नायलॉनचे केस. १९३८ मध्ये नायलॉनचे केस असलेला पहिला ब्रश आला तेव्हापासून जवळपास सगळ्याच ब्रशचे केस नायलॉनचे आहेत, आणि नायलॉन मातीत कुजत नाही, मग १०० टक्के कसं? दांडा बांबूचा आहे हे चांगलंच आहे, प्लास्टिक बरंच कमी होतं, तेवढंच खरं सांगितलं असतं तरी मी घेतला असता. डुकराच्या केसांचे ब्रशही मिळतात, ते कुजतात, पण बऱ्याच लोकांना ते चालत नाहीत आणि दातांसाठीही ते फार टोकदार असतात, जंतूही जास्त धरतात असं दातांचे डॉक्टर सांगतात, त्यामुळे नायलॉनच्या केसांशी मला भांडण नाही, खोट्या लेबलशी आहे.

वापरायला ब्रश बरा आहे. केस जरा जास्तच मऊ, दांडा पहिले काही दिवस तोंडात लाकडासारखा लागतो, मग जाणवत नाही. ओला ग्लासात उभा ठेवला तर खालचं टोक काळं पडतं, बुरशी येते, म्हणून पुसून आडवा किंवा लटकवून ठेवायचा. ब्रश बदलायचा तीन-चार महिन्यांनी, मग फेकण्याआधी पकडीने केस उपटून काढायचे, झुपका पक्का राहावा म्हणून आत धातूचा बारीक तुकडा असतो तोही निघतो, आणि उरलेला दांडा मातीत टाकायचा. हे करायला कंटाळा येतो हे मान्य, एवढं नको असेल तर डोकं करवतीने कापून टाका आणि दांडा कुंडीत रोपाला आधार म्हणून लावा.

किटमधली सगळ्यात निराश करणारी गोष्ट, कम्पोस्टेबल पिशव्या. पिशवीवर हिरवं पान आहे, पृथ्वीचा गोळा आहे, "निसर्गात मिसळते" असं लिहिलंय, आणि ज्या एका गोष्टीची गरज होती ती, म्हणजे स्टँडर्डचा नंबर, तो कुठेच नाही. असल्या पिशव्या बहुतेक वेळा पीएलए आणि पीबीएटी ह्या दोन पदार्थांच्या मिश्रणाच्या असतात, पीएलए हे मका किंवा उसापासून बनवतात, पीबीएटी सहसा पेट्रोलियमपासून बनतं पण योग्य परिस्थितीत जंतू ते खाऊ शकतात. आणि योग्य परिस्थिती ह्या शब्दांतच सगळी मेख आहे. ईएन १३४३२ हे युरोपातलं स्टँडर्ड आहे त्यात पिशवीचे १२ आठवड्यांत बारीक तुकडे व्हायला हवेत आणि ६ महिन्यांत ९० टक्के पदार्थ जंतूंनी पचवलेला असायला हवा अशी अट आहे, पण ती चाचणी होते साधारण ५८ अंश तापमानाला, म्हणजे मोठ्या कम्पोस्टिंग प्लांटमध्ये जी उष्णता असते तिथे. घरच्या ड्रमात किंवा कुंडीत ती उष्णता टिकत नाही. माझ्या कम्पोस्टमध्ये सालं, पानं, कागद सगळं माती झालं, पिशवी मात्र चिंध्या होऊन तशीच निघाली आणि मग तुकडे वेचत बसावं लागलं.

हे फक्त माझ्याकडेच झालं असं नाही. इंग्लंडमध्ये प्लिमथ विद्यापीठात पिशव्यांवर एक अभ्यास झाला होता, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांनी वेगवेगळ्या "विघटनशील" पिशव्या मातीत पुरल्या, समुद्रात टांगल्या, उघड्या हवेत ठेवल्या, आणि तीन वर्षांनीही माती आणि समुद्रातल्या "बायोडिग्रेडेबल" म्हणून विकलेल्या पिशवीत चक्क सामान भरून नेता येत होतं. कम्पोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली पण मातीत सव्वादोन वर्षांनीही होती, फक्त वजन पेलण्याइतकी मजबूत राहिली नव्हती. म्हणजे कुठे टाकली त्यावर सगळं अवलंबून. तुमच्याकडचा ओला कचरा खरंच मोठ्या कम्पोस्टिंग प्लांटला जात असेल आणि ते लोक असल्या पिशव्या घेत असतील तरच ह्यांचा उपयोग, आणि हे आधी विचारून घ्या, कारण बरेच प्लांट पिशवी दिसली की कसलीही असो, बाजूला काढतात, त्यांना हाताने कुठली कम्पोस्टेबल आणि कुठली साधी हे ओळखता येत नाही. डम्पिंग ग्राउंडवर गेली तर दाबलेल्या कचऱ्यात हवा नसते, तिथे कुजली तर मिथेन होणार. आणि साध्या प्लास्टिकच्या रिसायकलिंगमध्ये गेली तर तो माल खराब करणार.

घरच्या कम्पोस्टसाठीच हवी असेल तर "ओके कम्पोस्ट होम" सारखं घरगुती कम्पोस्टिंगचं सर्टिफिकेट आहे का बघा, त्याची चाचणी २० ते ३० अंशाला वर्षभर चालते. आणि "ऑक्सो" असा शब्द कुठेही दिसला तर अजिबात घेऊ नका, ते साधंच प्लास्टिक असतं, फक्त लवकर भुगा व्हावा म्हणून त्यात काहीतरी मिसळलेलं असतं, दिसेनासं झालं म्हणजे संपलं असं नाही, उलट ते वेचून काढणंच अशक्य होतं. युरोपियन युनियनने २०१९ च्या कायद्यात ह्यांच्यावर बंदी घातली ती ह्याच कारणाने. मी स्वतः आता ओल्या कचऱ्याच्या डब्यात पिशवीच लावत नाही, तळाला रद्दी पेपर टाकते आणि डबा रिकामा झाला की धुते. एवढ्याने भागतं.

बांबू फायबरचा कप मात्र वापरूच नका, हे मी वैतागून नाही, काळजीने सांगतेय. बघायला सुंदर, हलका, मऊसर फिनिश, आणि नाव बांबूचं, पण बांबूचा नुसता भुसा कपाच्या आकारात उभा राहत नाही, त्याला धरून ठेवायला मेलामाइन-फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं, म्हणजे कप मुळात प्लास्टिकचाच. जर्मनीच्या बीएफआर ह्या सरकारी संस्थेने २०२० मध्ये सांगितलंय की गरम पेय ओतलं की अशा भांड्यांतून फॉर्मल्डिहाइड आणि मेलामाइन बाहेर येतं, आणि काही कपांमध्ये ते साध्या मेलामाइनच्या भांड्यांपेक्षाही जास्त होतं. युरोपियन युनियनमध्ये तर प्लास्टिकमध्ये बांबूचा भुसा मिसळून खाण्यापिण्याची भांडी विकायला परवानगीच नाही. आणि हा कप कुजतही नाही, रिसायकलही होत नाही. प्लास्टिक कमी करायला घेतलेल्या किटमध्ये ही वस्तू यायलाच नको होती, ह्या एका कपासाठी मी पूर्ण एक स्टार कापलाय. माझ्या कपात सध्या पेनं आहेत. काचेचा, स्टीलचा किंवा चिनी मातीचा कप घरात असतोच, तो वापरा.

लाँड्री शीट्स, थोडक्यात सांगते. पातळ कागदासारख्या दिसतात, पाण्यात विरघळतात, वजन नाही, प्रवासात सोयीच्या, पण मळक्या कपड्यांना कमी पडल्या. आणि ती शीट धरून ठेवणारा पदार्थ असतो पीव्हीए, तो पाण्यात विरघळणारा असला तरी प्लास्टिकच आहे, तो पुढे किती पचतो हे सांडपाण्याच्या प्लांटमध्ये त्याला खाणारे जंतू आहेत का ह्यावर ठरतं, आणि प्लांटच नसेल तर तो पचायचा प्रश्नच येत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यातली साधी पावडर मला ह्यापेक्षा सरळ वाटते. खरं तर धुण्यातलं मोठं प्लास्टिक साबणात नाही, कपड्यांत आहे, २०१६ च्या एका अभ्यासात ६ किलो अ‍ॅक्रिलिकचे कपडे एकदा धुतले तर ७ लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात असा अंदाज आला होता. मशीन पूर्ण भरून लावा, गार पाण्यात लावा, आणि कृत्रिम धाग्याचे कपडे वास येईपर्यंत तरी उगाच धुवू नका, हा फरक कुठल्याही शीटपेक्षा मोठा आहे.

मेणाचं कापड ठीक. हाताच्या ऊबेने मऊ होतं आणि वाटीच्या कडेला चिकटून बसतं, पण मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं त्यामुळे गरम भांड्यावर चालत नाही, गरम पाण्याने धुता येत नाही, तेलकट झालं तर निघत नाही. वाटीवर ताटली झाकली तर तेच काम होतं. लूफा छान आहे, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी असते ती, दुसरं काही नाही, अंग घासायलाही आणि भांडी घासायलाही, आणि संपला की सरळ मातीत. हिरव्या घासणीचे बारीक प्लास्टिकचे कण पाण्याबरोबर वाहून जातात, इथे तो प्रश्नच नाही. फक्त वापरून झाला की पिळून वाळवायचा, ओला राहिला तर वास मारतो.

स्टीलची बाटली मला रेझरखालोखाल आवडली, आणि त्याचं कारण स्टील नाही, झाकण आहे. अशा बाटल्या सहसा ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या असतात, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, आणि बाटलीच्या अंगाला काही होत नाही, आपटली तर पोचा येईल एवढंच. खराब होतं ते झाकण, त्यात प्लास्टिक असतं, आतली सिलिकॉनची रिंग सैल होते, गळायला लागते, आणि मग चांगली बाटली घरात पडून राहते आणि नवीन घेतली जाते. ह्या कंपनीची रिंग आणि झाकण दोन्ही सुटं मिळतं, मी रिंग मागवून बदलली सुद्धा, सहज बसली. कुठलीही बाटली घेताना हे आधी विचारा, रंग आणि डिझाइन नंतर. विकतच्या बाटलीबंद पाण्याबद्दल एवढंच सांगते की २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण सापडले, त्यातले ९० टक्के नॅनो आकाराचे.

घरात आधीच चांगली बाटली असेल तर मात्र ही घेऊ नका, हेच सुती पिशवीलाही लागू. किटमधली पिशवी जाडजूड, शिवण पक्की, तक्रार काही नाही, पण सुती पिशवी बनवायला पाणी, जमीन, वीज खूप लागते. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २०११ मध्ये हिशोब मांडला होता की हवामानाच्या दृष्टीने बघितलं तर सुती पिशवी साधारण १३१ वेळा वापरली तेव्हा ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. आता हा हिशोब कचऱ्याचा नाही, गटारात अडकणाऱ्या किंवा जनावरांच्या पोटात जाणाऱ्या पिशव्या त्यात मोजलेल्या नाहीत, त्यामुळे हा आकडा दाखवून "मग प्लास्टिकच बरं" म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. पण प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक खरेदीवर एक नवीन सुती पिशवी फुकट घेऊन कपाटात गठ्ठा करणं हेही बरोबर नाही. जुन्या चादरीची, ओढणीची पिशवी शिवून घ्या, ती सगळ्यात चांगली.

किटमध्ये नव्हती पण असायला हवी होती अशी गोष्ट म्हणजे मेन्स्ट्रुअल कप, पाळीत पॅडऐवजी आत घालायचा, धुऊन परत वापरता येणारा. पॅडचा मागचा थर प्लास्टिकचा असतो, आतली शोषून घेणारी पावडरही कृत्रिम पॉलिमरची, आणि वापरलेलं पॅड कुठेच रिसायकल होत नाही. कप मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा असतो, नीट ठेवला तर १० वर्षांपर्यंत टिकू शकतो. २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये ४३ अभ्यास, साधारण ३,३०० जणींचा आढावा आला होता, त्यात गळती पॅड-टॅम्पॉन इतकीच किंवा कमी निघाली होती. पहिल्या काही पाळ्या जमत नाही, घालायची घडी आणि आपला साइज सापडायला वेळ लागतो, त्यामुळे घरी असताना सुरुवात करा. कॉपर-टी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सिलिकॉनही कुजत नाही हे खरं, पण दहा वर्षांचे पॅड एका बाजूला आणि हाताच्या मुठीत मावणारा एक कप दुसऱ्या बाजूला, मला ह्यात फार विचार करावा लागला नाही.

एकूण पाचातले तीन स्टार. रेझर, शाम्पू बार, बाटली आणि लूफा ह्या चार वस्तू ह्याच कंपनीकडून सुट्या मिळतात, त्या डोळे झाकून घ्या. ब्रश लेबलकडे दुर्लक्ष करून घ्यायला हरकत नाही. पिशव्यांवर स्टँडर्डचा नंबर का नाही आणि बांबूच्या कपात मेलामाइन आहे का असे दोन प्रश्न मी त्यांना मेलवर विचारलेत, आतापर्यंत नुसतं "आमची सर्व उत्पादने निसर्गस्नेही आहेत" एवढंच आलंय. परत विचारलंय, सर्टिफिकेटचा फोटो मागितलाय. तुम्ही किट घेणार असाल तर घ्यायच्या आधी तुम्हीही हेच दोन प्रश्न विचारा, जास्त लोकांनी विचारलं तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल. फोटो आला तर रिव्ह्यू बदलीन आणि स्टारही वाढवीन.